बुधवारी दुपारी बारा ते एक: फुल्टन स्ट्रीटच्या प्रार्थनासभेचं प्रकरण

रविवार सकाळची उपासना सोडून चर्चने आणखी काही ठेवायचं का, हा प्रश्न कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, कधी ना कधी कमिटीसमोर येतोच. संध्याकाळच्या उपासनेला पुढच्या दोन बाकांपुरती माणसं, बुधवारच्या प्रार्थनासभेला तेच ते आठ-दहा चेहरे, पाळकसाहेब दमलेले, आणि मग कोणीतरी म्हणतं की बंदच करून टाकू, त्यावर दुसरं कोणीतरी म्हणतं की आपल्या आईवडिलांच्या काळापासून चालत आलंय, बंद केलं तर मंडळी थंड पडली असं होईल. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलत असतात हे मी बघितलंय. पण ज्यांच्यासाठी ही सभा आहे त्यांचा दिवस कसा जातो, कुठल्या तासाला ते मोकळे असतात आणि त्या तासात त्यांना चर्चकडून काय हवं असतं, हे सहसा दोघंही विचारत नाहीत.

म्हणून इथे एकच प्रकरण सविस्तर मांडतोय. न्यूयॉर्कमधलं एक चर्च, वर्ष १८५७, आठवड्याच्या मधल्या दिवशीची एक प्रार्थनासभा. प्रकरण जुनं आहे पण त्या सभेचे नियम, वेळा, माणसं, सगळं तेव्हाच लिहून ठेवलं गेलं, त्यामुळे नुसत्या आठवणींवर विसंबावं लागत नाही. संजीवनाच्या, म्हणजे विश्वासाला नव्याने जाग येण्याच्या, संदेशांमधून ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल, पण ती सांगताना चमत्काराचा भाग तेवढा सांगतात आणि वेळ कशी ठरवली, खोली कुठली होती, कोण किती मिनिटं बोलायचं हे सगळं गाळून टाकतात, आणि कमिटीला उपयोगाचं नेमकं तेच असतं.

तर परिस्थिती अशी. मॅनहॅटनच्या खालच्या भागात, विल्यम स्ट्रीट आणि फुल्टन स्ट्रीटच्या इथे नॉर्थ डच चर्च होतं, १७६९ मध्ये बांधलेलं, डच रिफॉर्म्ड म्हणजे नेदरलँड्समधून आलेल्या प्रोटेस्टंट परंपरेचं. चर्च बांधलं तेव्हा आजूबाजूला राहती घरं होती. १८५० च्या दशकापर्यंत त्या भागाचं सगळं रूप पालटलं, घरांच्या जागी दुकानं, गोदामं, ऑफिसं आली, ऐपत असलेली कुटुंबं शहराच्या वरच्या भागात राहायला गेली आणि त्यांच्या मागोमाग बरीच चर्चंसुद्धा जागा विकून तिकडे गेली. नॉर्थ डच चर्चसमोरही हेच होतं. मागे राहिलेले लोक म्हणजे भाड्याच्या खोल्यांत राहणारे, नव्याने आलेले, आणि दिवसा कामाला येणारे हजारो कारकून, व्यापारी, हमाल, कारागीर. म्हणजे रस्त्यावर माणसांची गर्दी, आणि चर्चच्या सभासदांच्या यादीत मात्र गळती.

चर्चच्या वडीलमंडळाने, म्हणजे कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, जागा सोडली नाही. त्यांनी एक पगारी माणूस नेमला, तोही पाळक नव्हे, साधा मंडळीतला माणूस, जेरेमाया लॅनफिअर. वय पन्नाशीकडे झुकलेलं, आधी व्यापारात होते, लग्न केलेलं नाही, आवाज चांगला, गायची आवड, धर्मशास्त्राचं शिक्षण नाही. १ जुलै १८५७ ला त्यांनी काम सुरू केलं. काम काय, तर त्या वस्तीत दारोदार जायचं, पत्रकं वाटायची, बायबल द्यायची, मुलांना संडे स्कूलला बोलवायचं, लोकांना उपासनेला या म्हणायचं. उन्हाळाभर हे चाललं आणि फळ अगदी थोडं मिळालं. दारं ठोठावून परत येताना ते पार गळून जायचे आणि मग चर्चच्या खोलीत एकटेच प्रार्थनेला बसायचे.

इथे प्रकरणाला वळण लागतं आणि ते वळण फार साधं आहे. एकट्याने केलेल्या त्या प्रार्थनेने आपल्याला उभारी येते हे त्यांना जाणवलं होतं, आणि त्याच वेळी त्यांच्या हे लक्षात आलं की या भागात रोज दुपारी बारा ते एक कामं थांबतात, माणसं ऑफिसातून बाहेर येतात, तासभर त्यांच्या हातात असतो. ही माणसं रविवारी सकाळी इथे नसतात आणि संध्याकाळी काम संपलं की आपापल्या घराच्या वाटेला लागतात. म्हणजे या चर्चने संध्याकाळची उपासना कितीही सुंदर ठेवली असती तरी या माणसांपर्यंत ती पोचलीच नसती, कारण त्या वेळी ती माणसं तिथून गेलेली. दुपारी बाराला मात्र ती चर्चच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होती.

मग लॅनफिअरनी एक पत्रक छापलं. व्यापारी, कारागीर, कारकून, बाहेरगावचे, कामाधंद्याचे सगळे लोक, तुमच्या रोजच्या अडचणींच्या मधोमध थोडं थांबून देवाला हाक मारायची ही संधी आहे, अशा अर्थाचा मजकूर. सभा तासाभराची, पण ज्याला पाच-दहा मिनिटांहून जास्त थांबणं जमत नाही त्याच्यासाठीसुद्धा ती तेवढीच आहे हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. मला हे वाक्य सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे कोणी उपासनेच्या मध्येच उठलं की माना वळतात, उशिरा आला तर तो मागच्या मागे परत जातो कारण आत शिरायची लाज वाटते, आणि इथे बोलावणाऱ्यानेच आधी सांगून टाकलंय की उशिरा ये, लवकर जा, पाच मिनिटं आलास तरी तू आलास.

२३ सप्टेंबर १८५७, बुधवार. चर्चच्या मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली. बारा वाजले, कोणी नाही. लॅनफिअर एकटेच थांबले, अर्धा तास. साडेबाराच्या सुमारास जिन्यावर पावलांचा आवाज आला, एक जण आला, मग आणखी एक, आणि सभा संपेपर्यंत सगळे मिळून ६ जण झाले. पुढच्या बुधवारी २०. त्याच्या पुढच्या बुधवारी, ७ ऑक्टोबरला, ३० ते ४०. तेव्हा लोकांनीच म्हटलं की आठवड्यातून एकदा कशाला, रोजच भेटू, आणि सभा रोजची झाली, खोली बदलून खालची मोठी घ्यावी लागली. हिवाळा संपेपर्यंत एकाच इमारतीत एकावर एक अशा तीन खोल्या एकाच वेळी भरायला लागल्या. मग जवळच्या जॉन स्ट्रीट मेथडिस्ट चर्चमध्ये दुपारची सभा सुरू झाली, आणि मार्च १८५८ मध्ये तर बर्टन्स थिएटर म्हणून नाटकाचं थिएटर होतं तिथेही दुपारी प्रार्थनेला गर्दी. शहरातली मोठी वर्तमानपत्रं रोज बातम्या द्यायला लागली, न्यूयॉर्क ट्रिब्यूनने एप्रिलमध्ये या संजीवनावर खास अंकच काढला.

आता इथे हमखास एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. १८५७ हे आर्थिक कोसळण्याचं वर्ष. २४ ऑगस्टला ओहायो लाइफ इन्शुरन्स अँड ट्रस्ट कंपनी बुडाली, १२ सप्टेंबरला कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन येणारं सेंट्रल अमेरिका नावाचं जहाज वादळात बुडालं, ऑक्टोबरच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणं देणं थांबवलं. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, व्यापारी रस्त्यावर आले. मग माणसं प्रार्थनेला येणारच, त्यात सभेचं काय कर्तृत्व, असं म्हणता येतं. मी हे पूर्ण नाकारणार नाही. घाबरलेला माणूस देवाकडे वळतो हे खरंच आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही, स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं अशाच घाबरलेल्या माणसांची आहेत. पण तारखा नीट बघा, सभा २३ सप्टेंबरला सुरू झाली आणि रोजची झाली ती बँकांचं ऑक्टोबरचं संकट यायच्या काही दिवस आधी. संकट आलं तेव्हा दार उघडं होतं, वेळ ठरलेली होती, पद्धत बसलेली होती. दुसरं असं की संकट तर सगळ्याच चर्चवर सारखं आलेलं. लोक या खोलीत आले कारण ते जिथे होते तिथून ही खोली चार पावलांवर होती आणि त्यांच्याकडे वेळ होता तेव्हाच ती उघडी होती. आर्थिक संकटाने माणसं हलवली असं म्हणा, पण ती कुठे जाऊन बसतील हे वेळेने आणि जागेने ठरवलं.

पद्धतीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण कमिट्या इथेच अडतात. सभा चालवणाऱ्यासाठी नियम लिहिलेले होते. बरोबर बाराला सुरुवात, एक मिनिट इकडे नाही तिकडे नाही. सुरुवातीचं सगळं दहा मिनिटांच्या आत उरकायचं: एका गीताची तीन ते पाच कडवी, एक प्रार्थना, शास्त्रातला एक उतारा. त्यानंतर सांगायचं की आता सभा सगळ्यांसाठी खुली आहे. लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेल्या प्रार्थनेच्या विनंत्या एका वेळी एक किंवा दोनच वाचायच्या आणि वाचल्या की लगेच त्याच विनंतीसाठी कोणीतरी प्रार्थना करायची, वीस चिठ्ठ्या एकदम वाचून मग एकच गोळाबेरीज प्रार्थना करायची नाही. भिंतीवर पाटी: प्रार्थना असो की बोलणं असो, पाच मिनिटांच्या वर नाही. लागोपाठ दोनच्या वर प्रार्थना नाहीत किंवा दोनच्या वर भाषणं नाहीत. वादाचे मुद्दे काढायचे नाहीत. कोणी पाच मिनिटांच्या वर गेलं की घंटी वाजायची, मग तो कोणी मोठा पाहुणा पाळक का असेना. एकाला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं गीत, आणि ठोक्याला सभा संपली.

या नियमांत किती माया आहे बघा. ज्याला एक वाजता परत गल्ल्यावर किंवा टेबलावर हजर व्हायचंय त्याला खात्री आहे की एकला सुटणार. ज्याची चिठ्ठी आलीय, मुलगा आजारी आहे, भाऊ दारूत बुडालाय, त्याच्या त्या एकाच गोष्टीसाठी पूर्ण खोली प्रार्थना करते. ज्याला लांबलचक सुंदर प्रार्थना जमत नाही तो दोन मिनिटं अडखळत बोलू शकतो कारण पुढचा माणूस वीस मिनिटं गाजवणार नाहीये. आपल्या बऱ्याच बुधवारच्या सभा याच्या उलट चालतात, अर्धा तास गीतं, मग पाऊण तासाचा संदेश, म्हणजे रविवारचीच उपासना थोडी छोटी करून, आणि शेवटी प्रार्थनेला दहा मिनिटं उरतात तीही पाळकसाहेब एकटेच करतात. मग दिवसभर काम करून आलेल्या माणसाने यावं कशासाठी? रविवारी जे मिळतं तेच बुधवारी थकलेल्या अंगाने परत घ्यायला?

खर्च आणि मनुष्यबळ, यावर तर प्रत्येक कमिटीचं गाडं अडतं. फुल्टन स्ट्रीटला एक पगारी माणूस होता, रिकामी पडलेली खोली होती, छापलेली पत्रकं होती, संपलं. गायकवृंद नाही, वाद्यं नाहीत, संदेशाची तयारी नाही. सभा चालवणारा दररोज वेगळा, बहुतेक वेळा धंद्यातला नाहीतर ऑफिसातला माणूस. पाळक आले तर बाकीच्यांसारखे बसायचे, शेवटी आशीर्वाद द्यायचे. म्हणजे रोजची सभा असूनही पाळकावर रोजचा भार नव्हता. आज जिथे आठवड्याच्या मधली सभा पाळकाच्या आणि त्याच दोन-तीन वडिलांच्या खांद्यावर टिकून आहे तिथे त्यांच्या घरच्यांचीही ती संध्याकाळ जाते हे कोणी हिशोबात धरत नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. पाळकाच्या मुलांना बाप संध्याकाळी घरी दिसावा हीसुद्धा मंडळीची जबाबदारी आहे.

याच डच रिफॉर्म्ड परंपरेत दुसऱ्या उपासनेचा एक अगदी वेगळा इतिहास आहे आणि तो इथे आणल्याशिवाय प्रकरण एकांगी होईल. १६१८ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधींच्या सभेत, हा प्रश्न निघाला होता की रविवारी दुपारच्या उपासनेला लोक येत नाहीत, काय करायचं. ठरलं असं की उपासना सोडायची नाही, थोडेच लोक आले तरी, अगदी पाळकाच्या घरचेच तेवढे बसले असले तरीसुद्धा. आता वरवर बघितलं तर हे लॅनफिअरच्या अगदी उलट, लोक येवोत न येवोत वेळ आमची. पण त्या दुपारच्या उपासनेला स्वतःचं काम होतं. हायडेलबर्ग कॅटेकिझम, म्हणजे विश्वासाची प्रश्नोत्तरं, १५६३ ची, ५२ रविवारांसाठी ५२ भागांत वाटलेली, ती दुपारी क्रमाने शिकवायची. सकाळी शास्त्रातल्या उताऱ्यावर संदेश आणि दुपारी विश्वासाचं पद्धतशीर शिक्षण, वर्षभरात पूर्ण फेरी. म्हणून ती टिकवण्यात अर्थ होता. उपासना रिकामी असली तरी तिचं काम दुसरीकडे कुठे होत नव्हतं. मी म्हणतो कमिटीने बंद करायचं की चालू ठेवायचं यावर मत घेण्याआधी हाच प्रश्न टेबलावर ठेवावा, की आपल्या संध्याकाळच्या उपासनेत असं काय होतं जे सकाळी होत नाही. उत्तर द्यायला कोणाला सुचलं नाही तर माणसं का येत नाहीत ते वेगळं शोधायला नको.

आता फायदा कोणाला झाला ते बघू, कारण हे प्रकरण सांगणारे इथे गप्प होतात. सभेला येणारे सगळ्या पंथांचे होते, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, एपिस्कोपल, आणि रविवारी ते आपापल्या चर्चला जायचे. त्या जुन्या चर्चला सभेने सावरलं नाही, भोवतीची वस्ती परत आली नाही आणि १८७५ मध्ये ती इमारत पाडली गेली. प्रार्थनासभा मात्र फुल्टन स्ट्रीटवरच दुसऱ्या जागेत चालू राहिली, लॅनफिअर १८५७ पासून तीन दशकांहून जास्त काळ तिच्यात राबत राहिले, १८९८ मध्ये ते वारले तेव्हाही ती चालूच होती. म्हणजे सभासदसंख्या वाढवायला म्हणून कोणी आठवड्याच्या मधली सभा सुरू करत असेल तर या प्रकरणात त्याला हवं ते सापडणार नाही. त्या वडीलमंडळाने आपली खोली, आपला पगार अशा माणसांवर घातला जी त्यांच्या यादीत कधीच येणार नव्हती. मला हा त्यांचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. जागा विकून वर जाणं कागदावर शहाणपणाचं होतं.

आणि मोजायचं कसं? इंग्लंडमध्ये १८५१ साली ३० मार्चला सगळ्या उपासनास्थळांची हजेरी घेतली होती, सकाळ, दुपार, संध्याकाळ वेगवेगळी. पंचाईत ही झाली की एकच माणूस दोनदा-तीनदा मोजला गेलेला. अहवाल लिहिणाऱ्या हॉरेस मान यांनी मग अंदाज बांधला: सकाळचे सगळे धरायचे, दुपारच्यांपैकी निम्मे नवीन धरायचे आणि संध्याकाळच्यांपैकी एक तृतीयांशच नवीन. तो अंदाज किती बरोबर यावर तेव्हापासून वाद आहेत, पण त्यातली दिशा आजच्या कमिटीला फार उपयोगाची आहे. संध्याकाळच्या उपासनेला पन्नास जण बसले हा आकडा काहीच सांगत नाही. त्यातले सकाळी न आलेले किती, न येऊ शकणारे किती, रात्रपाळीवाले, घरी आजारी माणूस सांभाळणारे, रविवारी ज्यांना कामावर जावंच लागतं असे, हे मोजा. असे पाचच जण असतील तर त्या पाच जणांची ती एकमेव उपासना आहे, आणि पन्नासच्या पन्नास सकाळी येऊन गेलेलेच असतील तर गोष्ट वेगळी. रोमन कॅथलिक चर्चने हे नियमात बसवलेलं आहे, १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे त्या चर्चच्या कायद्याप्रमाणे, आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सालाही (उपासनेलाही) रविवारचं बंधन पूर्ण होतं. म्हणजे ती संध्याकाळ त्या माणसाची मुख्य उपासना म्हणून धरली जाते, जास्तीची म्हणून नाही.

प्रकरणातला काळा भागही सांगायला पाहिजे. वादाचे मुद्दे नकोत या नियमामुळे सगळे पंथ एका खोलीत बसले, बाप्तिस्म्यावरून भांडणं झाली नाहीत, हे खरं. पण १८५८ च्या अमेरिकेत वादाचा मुद्दा म्हणजे सगळ्यात आधी गुलामगिरी. दक्षिणेत लाखो माणसं विकली-विकत घेतली जात होती आणि त्याबद्दल सभेत बोलणं म्हणजे वाद काढणं ठरायचं. बॉस्टनचे थिओडोर पार्कर यांनी त्याच वर्षी या संजीवनावर कडक टीका केली, जे संजीवन गुलामगिरीला हात लावत नाही ते खोटं, असा त्यांचा रोख होता. पार्कर यांची धर्मशास्त्रीय मतं मला पटत नाहीत पण या मुद्द्यावर ते बरोबर होते असं मला वाटतं. देवापुढे ज्याचं नाव काढायला बंदी आहे असं दुःख सभेत असता कामा नये. पाच मिनिटांचा नियम घ्या, घंटी घ्या, पण हा नियम उचलताना विचार करा. तसंच वेळ व्यापाऱ्यांची धरली, नावही पुरुषांचं पुढे राहिलं, त्यामुळे बायकांचा आवाज या सभांमध्ये दबलेलाच राहिला. कोणाचा तरी तास निवडला की दुसऱ्या कोणाचा तरी सुटतो, हे टाळता येत नाही, पण कोणाचा सुटला हे निदान माहीत तरी असावं.

काही जण म्हणतील हे सगळं न्यूयॉर्कचं नशीब. त्याला उत्तर फिलाडेल्फियात मिळतं. तिथल्या तरुणांनी फुल्टन स्ट्रीटचं बघून नोव्हेंबर १८५७ मध्ये एका मेथडिस्ट चर्चमध्ये तशीच दुपारची सभा सुरू केली. पद्धत तीच, वेळ तीच, आर्थिक संकट तेच. माणसं जेमतेम. पुढे फेब्रुवारीत त्यांनी जागा बदलली, जेन्स हॉल म्हणून सार्वजनिक सभागृह होतं त्याच्या बाजूच्या छोट्या खोलीत सभा नेली, सुरुवातीला तिथेही थोडेच, आणि मार्च येईपर्यंत मुख्य हॉल हजारोंनी भरला. चर्चची इमारत पाहिजेच असा हट्ट त्यांनी धरला असता तर नोव्हेंबरमधल्या आकड्यावर सभा बंद झाली असती आणि कमिटीच्या मिनिट्समध्ये लिहिलं गेलं असतं की लोकांना आस्था नाही.

इब्री १०:२५, एकत्र मिळणं सोडू नका, हे वचन या वादात नेहमी काढलं जातं आणि बहुतेक वेळा न येणाऱ्याला टोचायला काढलं जातं. त्या वचनात वार नाही, तास नाही. त्याच्या अलीकडच्या वचनात एकमेकांना प्रीतीला आणि सत्कर्मांना उत्तेजन द्या असं आहे, आणि ते चाळीस जण पाठमोरे बसून एकाचं ऐकत असताना जमत नाही, ते पाच-पाच मिनिटांच्या प्रार्थनांनी भरलेल्या खोलीत जमतं. प्रेषितांच्या कृत्यांत विसाव्या अध्यायात त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख खिडकीत बसल्या बसल्या झोपून खाली पडला, ती सभाही रात्रीचीच होती आणि कामावरून आलेला माणूस रात्री किती वेळ जागा राहू शकतो हे पवित्र शास्त्राने लपवलेलं नाही.

तर माझं मत विचाराल तर संध्याकाळची किंवा आठवड्याच्या मधली उपासना ठेवावी, नक्की ठेवावी, पण आजची वेळ आणि आजचा साचा धरून बसू नये. कमिटीने महिनाभर फक्त विचारत फिरावं, सभासदांनाही आणि चर्चच्या आसपास दिवसभर असणाऱ्यांनाही, की तुम्ही कधी मोकळे असता. उत्तर सकाळी साडेसहा येईल, दुपार येईल, शुक्रवारी रात्री कामावरून सुटल्यावर येईल, कदाचित चर्चऐवजी कोणाच्या ऑफिसजवळची खोली येईल. मग एकच तास धरा, पाऊण तास केला तरी चालेल, येण्याजाण्याची मोकळीक जाहीर करा, सभा चालवायला पाळक सोडून सहा-सात जण तयार करा, घड्याळ पाळा. आणि संख्येवरून निकाल द्यायची घाई करू नका. त्या पहिल्या बुधवारी साडेबाराला लॅनफिअर दिवा मालवून खाली उतरले असते तरी त्यांना कोणी नाव ठेवलं नसतं. जुनी संध्याकाळची उपासना ज्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांचा आधार आहे त्यांच्याशी आधी घरी जाऊन बोला, त्यांना नोटीस बोर्डावर वाचून कळता कामा नये.